माफीची चिठ्ठी इथे मिळत नाही

सांगवी,
८ जानेवारी २०२५

आदरणीय स्वरूपाताई,

इफ्फत तांबोळीचा सलाम. आपली भेट कधी झालेली नाही. चिंचवडचं ‘लैंगिक आरोग्य व अनिवार्य वर्तन अभ्यास मंडळ’ तुम्ही, डॉ. गणराज काळोखे आणि कै. धम्मरत्न सोनकांबळे अशा तिघांनी सुरू केलंत. त्याची मी सध्याची चिटणीस. पिंपरीत समुपदेशनाचं काम करते.

फोन न करता पत्र लिहायचं कारण तुमच्या भाचीने सांगितलं. म्हणाली, “मावशीला फोनवर आता काहीच ऐकू येत नाही आणि मोबाईलवर वाचायला ती तयार नसते. पत्र टाका. उत्तर नक्की येईल, कसं येईल ते सांगता येत नाही.”

यंदा मंडळाला वीस वर्षं पूर्ण होतायत. स्मरणिका निघणार आहे आणि त्यात मंडळाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलंय. डॉक्टरसरांनी मला थोडक्यात सांगितलं: आकुर्डीत एका छापखान्यावरच्या खोलीत सुरुवात झाली, पुढे काम वाढलं, धम्मरत्नसर वारले आणि तुम्ही २०१७ साली तब्येतीमुळे निवृत्त झालात. एवढ्यावर इतिहास होत नाही. मला त्या खोलीबद्दल, पहिल्या पेशंटबद्दल, तुमच्या अडचणींबद्दल ऐकायचंय.

एक बारीकसा प्रश्नही आहे. पेशंटला प्रमाणपत्र देण्याबाबत मंडळाचा पूर्वी काही नियम होता का? सर म्हणाले, तसं काही आठवत नाही.

तुमच्या सवडीने लिहा.

आपली नम्र,
इफ्फत


देवरुख,
१९ जानेवारी २०२५

श्रीमती तांबोळी यांस,

पत्र मिळालं. तब्येतीमुळे निवृत्त झाले हे वाचून पहिल्यांदा हसू आलं आणि मग दिवसभर डोकं तडकलेलं राहिलं. मला कान नाहीत, बाकी सगळं शाबूत आहे. आज सकाळीच आगरातली दोन झाडं शिंपून आलेय.

तुम्हाला गणराजने पाठवलं असेल तर त्याला सांगा, स्मरणिकेत माझं नाव घालायला माझी परवानगी नाही. मुखपृष्ठावर त्याचाच फोटो असणार. माझ्या नावाची शोभा त्याला कशाला हवी?

पण सुरुवातीचं विचारलंत म्हणून तेवढं लिहिते, कारण ते फक्त आमचं तिघांचं नाही.

तेव्हा नाशिक रस्त्याच्या कडेला गुप्तरोगवाल्यांचे तंबू असायचे. पुढे बाटल्या मांडलेल्या, आत पडदा. पगार झाला की कारखान्यातली माणसं तोंडाला रुमाल बांधून तिथे शिरायची. मी त्या वेळी एका दवाखान्यात समाजसेविका होते. चिमाजी नावाचा एक फिटर आमच्याकडे आला, बीडकडचा, दोन मुलांचा बाप. सुट्टीचा अख्खा दिवस तो व्हिडिओ पार्लरमध्ये आणि नको त्या गल्ल्यांत घालवायचा. परत येऊन डोकं भिंतीवर आपटायचा आणि पुढच्या सुट्टीला पुन्हा तेच. मन होतं म्हणून जायचा असंही नव्हतं. जायचं नाही असं ठरवून चपला घालायचा, असं तो सांगायचा. तीन डॉक्टरांकडे गेला होता. एकाने सांगितलं, मजा आहे तुझी. एकाने कंपाउंडरला बोलावून त्याच्यासमोर गंमत म्हणून सगळं परत वदवून घेतलं. तिसऱ्याने तंबूचा पत्ता दिला.

गणराज हसला नाही. तो तेव्हा तरुण होता, नुकता शिकून आलेला. त्याने दार लावून घेतलं, खुर्ची चिमाजीच्या जवळ ओढली आणि म्हणाला, “भाऊ, सावकाश सांगा. बाहेर कुणी नाही.” धम्मरत्न आणि मी एकमेकांकडे बघितलं. मंडळ त्या दिवशी जन्मलं. कागदोपत्री नोंदणी पुढे वर्षभराने झाली.

आता तुमच्या त्या बारीकशा प्रश्नाबद्दल. इतिहास लिहिणाऱ्या माणसाला प्रमाणपत्रांच्या नियमाशी काय घेणं? तुम्ही काहीतरी झाकताय. काय ते सरळ लिहा. मग पुढचं बोलू. नाहीतर हे पत्र शेवटचं.

स्वरूपा नार्वेकर


सांगवी,
२ फेब्रुवारी २०२५

स्वरूपाताई,

होय, झाकलं होतं. मला डॉक्टरसरांनी पाठवलेलं नाही. उलट मी तुम्हाला लिहितेय हे त्यांना ठाऊक नाही. तुम्ही त्यांच्या बाजूने आहात की नाही हे मला कळत नव्हतं, म्हणून हात राखून लिहिलं. आता सगळं लिहिते.

डिसेंबरात माझ्याकडे करिष्मा नावाची मुलगी आली. तिने स्वतःच सांगितलंय, “ताईंना माझं नाव लिहा, मी काय चोरी केली नाही.” ती परभणीची. महाळुंग्यात दोघी मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते आणि चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. तिथला शिफ्ट इन्चार्ज गेलं वर्षभर तिला छळत होता. मशीनच्या मागून जाताना हात लावायचा, मोबाईलवर घाणेरडे व्हिडिओ पाठवायचा. स्टोअरमध्ये एकदा दार अडवून उभा राहिला. तिने कंपनीच्या तक्रार समितीकडे लेखी तक्रार केली, मेसेज दाखवले. त्याने नाकारलं नाही. त्याने एक कागद पुढे केला.

तो कागद आपल्या मंडळाचा आहे. त्यात लिहिलंय की या गृहस्थांना अनिवार्य लैंगिक वर्तनाचा विकार आहे, त्यांचं स्वतःवर नियंत्रण राहत नाही, उपचार सुरू झाले आहेत, तरी त्यांच्याकडे सहानुभूतीने पाहावं आणि नोकरीत अस्थिरता आणू नये. खाली डॉ. गणराज काळोखेंची सही. वर पदाधिकाऱ्यांच्या नावांत माझं नाव.

समितीने प्रकरण मिटवलं. त्याला समज दिली आणि करिष्माची बदली रात्रपाळीला केली, “दोघं समोरासमोर यायला नकोत” म्हणून.

ती माझ्या टेबलासमोर बसली आणि त्या कागदावरच्या माझ्या नावावर बोट ठेवून म्हणाली, “मॅडम, ह्या तुमीच ना? मग एवढंच सांगा. आजार त्याला झालाय, तर पाळी माझी का बदलली?”

मी सरांना फोन केला. त्यांनी सांगितलं, “इफ्फत, तो खरंच त्रासात आहे. आपण कुणाला गुन्हेगार ठरवायला बसलो नाही.” मी विचारलं, किती वेळा तपासलंत? ते म्हणाले, मीटिंग आहे, नंतर बोलू.

ताई, माझ्याकडे असे किती पेशंट येतात जे रडून सांगतात की आम्हाला थांबता येत नाही. ते इतरांपासून पळतात, स्वतःला कोंडून घेतात. दार अडवून उभा राहणारा माणूस दुसरा. तो जनरल मॅनेजरच्या बायकोसमोर असं कधीच वागला नाही. तिथे त्याचं नियंत्रण बरोबर राहतं! हा फरक मला कळतो, तर वीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाला कळत नसेल?

नियम होता का, ते आता तरी सांगा.

इफ्फत


देवरुख,
१० फेब्रुवारी २०२५

इफ्फत,

आता तुला ‘तू’ म्हणते. गैरसमज झाला होता, तो गेला.

नियम होता. आणि ऐक, तो गणराजनेच केला होता.

मंडळ सुरू होऊन वर्ष झालं असेल. एका बांधकाम ठेकेदाराच्या भावाला त्याचे घरचे घेऊन आले. याने भाडेकरूच्या मुलीवर हात टाकला होता आणि पोलीस केस झाली होती. बरोबर वकील होता. वकील गोड बोलला, “डॉक्टर, तुम्ही या विषयातले तज्ज्ञ. आजार आहे असं दोन ओळी लिहून द्या, बिचाऱ्याचं आयुष्य वाचेल.” गणराज ताडकन उठला. त्याचा आवाज खालच्या छापखान्यापर्यंत गेला असेल. “आजाराची चिठ्ठी हवी असेल तर सहा महिने इथे येऊन बसायचं, मग बघू. माफीची चिठ्ठी इथे मिळत नाही. ती त्या मुलीकडे मागा.” त्याच संध्याकाळी आम्ही तिघांनी ठराव केला: ज्या प्रकरणात दुसऱ्या माणसाला इजा झाली आहे, तिथे मंडळ आरोपीच्या बाजूने कसलंही प्रमाणपत्र देणार नाही. उपचार करू. ढाल होणार नाही. ‘ढाल’ हा शब्द धम्मरत्नचा.

मग त्याला विसर कसा पडला? सांगते. धम्मरत्न गेला. त्याच्या समोर गणराजला लाज वाटायची, माझी तेवढी नाही. मग एका कारखानदाराच्या ट्रस्टने मंडळाला जागा दिली, मोफत केंद्र काढून दिलं. चांगलं काम झालं तिथे, मी नाकारत नाही. २०१७ साली त्याच ट्रस्टच्या एका बड्या अधिकाऱ्याविरुद्ध त्याच्या ऑफिसातल्या बाईने तक्रार केली. गणराज माझ्याकडे आला. “ताई, दोन ओळींचा प्रश्न आहे.” शब्दसुद्धा वकिलाचेच! मी म्हटलं, मी सही करणार नाही आणि तूही करायची नाहीस. तो गप्प बसला. मला वाटलं, पटलं.

पुढच्या आठवड्यात माझ्या कानाचं ऑपरेशन होतं. मी दवाखान्यात असताना सर्वसाधारण सभा बोलावली. ‘काळानुरूप बदल’ म्हणून तो ठराव काढला आणि मला ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ मोकळं केलं. मी घरी आले तेव्हा कानात कापूस आणि दारात पुष्पगुच्छ.

त्या ऑफिसातल्या बाईचं पुढे काय झालं ते मला कधी कळलं नाही. तिचं नावसुद्धा मला माहीत नाही. आठ वर्षं मी इथे आंब्याला पाणी घालतेय आणि तो मात्र कागद वाटत सुटलाय.

करिष्माला सांग, वर अपील करायची मुदत असते. ती गेलेली नसेल तर आजच्या आज वकील गाठा. आणि इतिहास लिही. हे सगळं त्यात लिही.

स्वरूपाताई


सांगवी,
९ मार्च २०२५

ताई,

अपील मुदतीत दाखल झालं. वकीलबाई चांगल्या आहेत, कमी बोलतात.

इतिहास लिहिला. तुमची दोन्ही प्रकरणं घातली, २०१७ ची सभासुद्धा. करिष्माचं नाव न घालता शेवटी एवढंच लिहिलं की तो ठराव काढल्यामुळे आज एका कामगार मुलीवर अन्याय झाला आहे. सरांकडे दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोलावलं.

दार उघडंच होतं. बाहेर रिसेप्शनवर सगळं ऐकू जात होतं, त्याची त्यांना पर्वा नव्हती.

“हे काय आहे?”

“इतिहास, सर.”

“ही कुचाळकी आहे. स्मरणिका पाहुण्यांच्या हातात जाणार. ट्रस्टचे लोक येणार.”

“सर, ठराव तुम्हीच मांडला होता. तुमचा गौरवच आहे तो.”

त्यांनी माझे कागद बाजूला सरकवले. मग हळू म्हणाले, “तेव्हा मंडळात आम्ही तिघं होतो, इफ्फत. आज केंद्रात दीडशे माणसं फुकट औषध घेतात. उद्या ट्रस्टने हात काढला तर त्यांना तू सांभाळणार?”

मी विचारलं, “आणि करिष्माला कोण सांभाळणार?”

“तिचं काय बिघडलं? नोकरी आहे ना तिची?”

ताई, मी त्या माणसाच्या व्याख्यानांना बसून हे काम शिकले. माझ्या अब्बांचं कासारवाडीला गॅरेज आहे. मुलीने असल्या विषयात पडावं हे नातेवाइकांना मान्य नव्हतं. तेव्हा सर स्वतः गॅरेजवर आले, ऑइलच्या डब्यावर बसून चहा प्यायले आणि म्हणाले, “चांदभाई, तुमची मुलगी लोकांची घरं वाचवेल.” तोच माणूस विचारतो, तिचं काय बिघडलं!

मी चिटणीस म्हणून वार्षिक सभेत ठराव मांडणार आहे: ते प्रमाणपत्र मंडळाने मागे घ्यावं आणि जुना नियम परत आणावा. सभा ३० मार्चला, चिंचवडला, समारंभानंतर त्याच सभागृहात. माझ्याबरोबर समुपदेशन करणारी रुपाली माझ्या बाजूने आहे, आणखीही काही जण आहेत.

तुम्ही याल?

इफ्फत


चिंचवड,
१२ मार्च २०२५

प्रिय स्वरूपाताई,

सविनय नमस्कार. खूप दिवसांनी लिहितोय, रागावू नका.

मंडळाच्या वीस वर्षांच्या समारंभात तुमचा सत्कार करायचं कार्यकारिणीने एकमताने ठरवलं आहे. गाडी पाठवतो. आपल्या दोघांशिवाय त्या दिवसांचा साक्षीदार आता कुणी उरलेला नाही.

आमची चिटणीस तुमच्याशी पत्रव्यवहार करते असं कळलं. हुशार आहे, पण उतावीळ आहे. तुम्हाला एकच बाजू दिसली असेल. संस्था चालवायची तर कुठे नमतं घ्यावं लागतं हे तुम्ही जाणता. त्या प्रकरणात कुणाचीही नोकरी गेलेली नाही, मुलीची पाळी बदलून तिची सोयच केली आहे. एका कागदासाठी वीस वर्षांचं काम पणाला लावायचं का? तुमचा शब्द ती ऐकेल. जुनं ते जाऊ द्या, आणि स्टेजवर माझ्या शेजारी बसा.

आपला,
गणराज


देवरुख,
४ एप्रिल २०२५

इफ्फत,

सुखरूप पोचले. गणराजची गाडी घेतली नाही हे तुला माहीतच आहे. एसटीने कंबर मोडली, पण आता बरी आहे.

सभेत मी पहिल्या रांगेत होते आणि मला एक अक्षर ऐकू आलं नाही. स्टेजवर बसले नाही, तेवढं आपल्या हातात होतं. मी नुसतं बघत होते. तू उभी राहून कागदावरून वाचलंस. गणराज टेबलावरचा पाण्याचा ग्लास फिरवत होता. मग मागून एक तरुण उभा राहिला. चष्मा, निळा शर्ट. समोरच्या खुर्चीची पाठ त्याने इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडलेली मला दिसली. तो बोलत असताना तिसऱ्या रांगेतला एक जाड गृहस्थ शेजाऱ्याच्या कानाला लागून हसला. ते हसू मी ओळखते. त्या डॉक्टरांच्या तोंडावरचं चिमाजीने सांगितलेलं हसू तसंच असणार.

मग हात वर झाले. तुझ्या बाजूने थोडे, विरुद्ध जास्त. मी हात वर करायला गेले तर कुणीतरी येऊन मला खूण केली, तुम्ही सभासद नाही.

नंतर तू मला एसटीसाठी फाट्यावर सोडलंस, पण तुझे डोळे बघून मी काही विचारलं नाही. आता विचारते. तो मुलगा कोण? काय म्हणाला? आणि करिष्मा आली होती का?

स्वरूपाताई


सांगवी,
१३ एप्रिल २०२५

ताई,

त्याचं नाव प्रज्वल. मारुंजीला राहतो, आयटीत होता. तो मंडळाचा पेशंट आहे. हे मी सांगतेय कारण त्याने स्वतःच भर सभेत सांगितलं. सभासद नसल्याने त्याला बोलायचा हक्क नाही असं सर म्हणाले. तो म्हणाला, “सर, मी इथे तीन वर्षं बोलतोय, तुमच्याच खोलीत. आज दोन मिनिटं सगळ्यांसमोर बोलतो.” मग जसं बोलला तसं लिहिते:

“मला हा आजार आहे. त्यात माझी नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं. रात्ररात्र स्क्रीनसमोर बसून सकाळी मी स्वतःच्या तोंडावर मारून घ्यायचो. पण मी कुणाच्या अंगाला हात लावला नाही. कुणाची वाट अडवली नाही. मोठ्या मुश्किलीने मी आईला सांगितलं होतं की मी आजारी आहे, वाईट नाही. आता तो कागद बाहेर फिरतोय. उद्या आईने विचारलं, तुला झालंय तेच का रे त्या माणसाला झालंय, तर मी काय सांगू? सर, तुम्ही त्याला वाचवलं नाही. तुम्ही आम्हाला त्याच्या रांगेत उभं केलंत.”

जाड गृहस्थ तेव्हाच हसले. ते ट्रस्टचे.

सरांनी ग्लास बाजूला सारला. ते म्हणाले, “ठराव मताला टाकतो.” ठराव पडला. रुपालीचा हात अर्धा वर गेला आणि सरांनी तिकडे बघताच केस सारखे करायला वळला. तिला मुलाखतीसाठी ट्रस्टच्या हॉस्पिटलात बोलावलंय, हे मला नंतर कळलं. मी तिच्याशी बोलत नाही. बोलले तर फार वाईट बोलेन.

करिष्मा आली होती, शेवटच्या रांगेत दाराजवळ. मला वाटलं होतं, तज्ज्ञांच्या सभेत तिला न्याय मिळताना तिने डोळ्यांनी बघावं. मूर्ख मी! हात खाली गेले तेव्हा ती माझ्याजवळ आली आणि विचारलं, “झालं का मॅडम?” मी म्हटलं, हो. “मग मी निघते. बस चुकली तर हाफ डे लागतो.” आणि गेली. सभेत काहीही झालं तरी तिची रात्रपाळी चुकली नाही, ताई. ती रात्रभर उभी राहून पार्ट तपासत होती आणि आम्ही समारंभाचं जेवण जेवत होतो. मी जेवले नाही. पण म्हणून काय झालं?

मी राजीनामा दिला. पण त्याआधी ज्यांनी माझ्या बाजूने हात वर केला, त्या सगळ्यांनी आपापल्या नावाने एक निवेदन दिलंय: हे प्रमाणपत्र या शास्त्राला धरून नाही, एका भेटीत असं निदान होत नाही आणि झालं तरी ते दुसऱ्याला दिलेल्या त्रासाची सबब नसतं. वकीलबाईंनी ते अपिलात जोडलं. प्रज्वलनेही सही केली. नावापुढे पदवी लिहायच्या जागी त्याने ‘पेशंट’ लिहिलं.

स्मरणिका छापून आली. इतिहासाचं एक पान आहे, ते सोबत जोडलंय. त्यात तुम्ही तब्येतीमुळेच निवृत्त झाला आहात.

इफ्फत


देवरुख,
२२ एप्रिल २०२५

इफ्फत,

ते पान मी चुलीत घातलं. पाणी छान तापलं.

ठराव पडला म्हणून खचू नकोस असलं काही मी लिहिणार नाही. मला स्वतःलाच राग आवरत नाहीये. काल भाचीवर विनाकारण ओरडले. तिने फणसाचे गरे आणून समोर ठेवले आणि म्हणाली, “ज्याच्यावर ओरडायचंय त्याला पत्र लिही.” अजून लिहिलं नाही. लिहीन.

प्रज्वलला माझा नमस्कार सांग. आशीर्वाद नव्हे, नमस्कार.

स्वरूपाताई


सांगवी,
१६ नोव्हेंबर २०२५

ताई,

मधे पत्रं लहान झाली, कारण सांगण्यासारखं काही होत नव्हतं. तारीख पडायची, आम्ही जायचो, परत यायचो. आता सांगण्यासारखं आहे.

अपिलात डॉक्टरसरांना बोलावलं. वकीलबाईंनी विचारलं, “या गृहस्थांना तुम्ही किती वेळा तपासलंत?” सर म्हणाले, “एकदा.” “ते तुमच्याकडे कुणाच्या सांगण्यावरून आले?” सर फाइल चाळू लागले. परत विचारलं, तेव्हा ट्रस्टचं नाव आलं. “त्या भेटीत तुम्ही त्यांना त्या मुलीबद्दल काही विचारलंत?” सर म्हणाले, “नाही. तो विषय निघाला नाही.”

मी मागे बसले होते. ताई, मला वाटलं होतं हे ऐकताना मला समाधान वाटेल. पण नुसता संताप आला. तो विषय निघाला नाही!

समितीचा निर्णय रद्द झाला. नव्याने चौकशी झाली. करिष्मा एकटी लढतेय हे बघून आणखी दोघी जणी पुढे आल्या. त्यातली एक कंत्राटी होती, तिला तर काढूनही टाकू शकले असते. त्या माणसाला नोकरीवरून काढलं. करिष्मा परत सकाळच्या पाळीला आली.

काल भेटली. मी म्हटलं, अभिनंदन. तर म्हणाली, “मॅडम, सगळे हेच म्हणतात. मला काय बक्षीस लागलंय का? माझीच पाळी मला परत दिली.” मग जरा हसली आणि म्हणाली, “पण दुपारी घरी आलं की ऊन असतं. ते बरं वाटतं.”

सरांनी दोनदा फोन केला. त्यांना करिष्माला भेटायचंय, माफी मागायचीय. म्हणतात, “इफ्फत, मला झोप लागत नाही. एकदा भेट घडवून आण, म्हणजे मी मोकळा होईन.” आवाज खरा वाटला. मी अजून उत्तर दिलेलं नाही. काय करू?

इफ्फत


देवरुख,
२५ नोव्हेंबर २०२५

गणराज,

इफ्फतचं पत्र आलं आणि त्यामागोमाग तुझंही. मी मधे पडावं, करिष्माशी तुझी गाठ घालून द्यावी, असं तू लिहिलंस. माझीही माफी मागितलीस.

माझं सोड. मी आठ वर्षं रागात काढली आणि त्यातही माझी झाडं वाढली.

तू लिहितोस की तिच्या पाया पडलास तर तुला झोप लागेल. म्हणजे याही वेळी तुझीच सोय. त्या मुलीने दिवसभर मशीनसमोर उभं राहून घरी यायचं, तुला खुर्ची द्यायची, तुझं रडणं ऐकायचं आणि वर तुला मोकळं करायचं? तिने अजून काय काय करायचं तुमच्यासाठी?

आधी तुझ्या हातातलं कर. त्या कागदावरची सही चुकीची होती असं मंडळाच्या नावाने लिहून दे आणि जुना ठराव परत आण. ट्रस्ट गेला तर जाऊ दे. छापखान्यावरची खोली असताना आपल्याकडे ट्रस्ट नव्हता, पेशंट होते. २०१७ सालच्या त्या बाईला शोध. तिचं नाव तुला माहीत आहे, मला नाही. ते लिहून इफ्फतला दे.

करिष्माचा पत्ता मात्र मागू नकोस. इफ्फत देणार नाही, मी तिला तसं कळवलंय. तू चूक कबूल केलीस हे करिष्माच्या कानावर जाईल. तिला वाटलं तर ती बोलावेल. कदाचित कधीच बोलावणार नाही.

तोवर तिच्या दाराशी जायची कितीही ओढ लागली तरी थांब. थांबता येतं का बघ. इतकी वर्षं आपण लोकांना समोर बसवून दुसरं काय शिकवलं?

स्वरूपा